नोंदवहीचे मौन : ॲना लिओनोवेन्सच्या चरित्रसंशोधनाची तपासणी

सयामचा राजा मोंकुट याच्या दरबारी १८६२ ते १८६७ या काळात इंग्रजी शिकविणारी ॲना लिओनोवेन्स आपल्याकडील वाचकास बहुधा 'द किंग अँड आय' या १९५१ च्या अमेरिकन संगीतिकेमुळे ठाऊक असते. दरबारातील वास्तव्यावर तिने १८७० व १८७३ मध्ये दोन पुस्तके प्रसिद्ध केली. त्यांच्या आधारे मार्गारेट लँडन हिने १९४४ मध्ये एक कथात्म चरित्र रचले, आणि त्यावरून ती संगीतिका व पुढचे चित्रपट निघाले. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र सयाम नव्हे. या बाईचे सयामपूर्व आयुष्य चर्चच्या व लष्कराच्या नोंदींतून कसे शोधून काढण्यात आले, आणि त्या शोधावर उभारलेल्या चरित्रांनी नोंदींच्या शब्दांचा व विशेषतः त्यांच्या मौनाचा अर्थ कसा लावला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

ॲनाने स्वतःविषयी जे सांगितले ते थोडक्यात असे. आपला जन्म १८३४ मध्ये वेल्समधील कार्नार्वन येथे झाला, माहेरचे आडनाव क्रॉफर्ड, वडील लष्करात कॅप्टन होते व ते हिंदुस्थानात मारले गेले, पती मेजर होता. नोंदवह्या सांगतात ते याहून अगदी वेगळे आहे. तिचा जन्म नोव्हेंबर १८३१ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील छावणीत झाला. नाव ॲन हॅरिएट एमा एडवर्ड्स. वडील थॉमस एडवर्ड्स हे मूळचे मिडलसेक्सचे सुतारकाम करणारे कारागीर आणि कंपनीच्या सफरमैना पलटणीतील सार्जंट. मुलीच्या जन्मापूर्वी सुमारे तीन महिने ते वारले होते. आई मेरी ॲन ग्लासकॉट हिने जानेवारी १८३२ मध्ये पॅट्रिक डोनोहो या आयरिश कॉर्पोरलशी पुनर्विवाह केला. पदरी दोन मुली, त्यांतील एक जेमतेम दोन महिन्यांची, अशा स्थितीत छावणीतील विधवेस दुसरा आधार क्वचितच असे. या घाईस नीतीच्या काट्याने तोलणे बरोबर होणार नाही. ॲनाचे शिक्षण भायखळ्याच्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या मुलींच्या शाळेत झाले. ज्यांचे लष्करी वडील मृत वा दूर आहेत अशा मिश्रवंशीय मुलांना त्या शाळेत प्रवेश मिळे. विवाह १८४९ च्या नाताळात पुण्यास झाला, आणि पती थॉमस मेजर नव्हे, तर मुलकी कारकून होता.

हा शोध कोणी मुरलेल्या चरित्रकाराने लावलेला नाही. डब्ल्यू. एस. ब्रिस्टो हे कोळी या अष्टपाद जीवांचे नामांकित अभ्यासक. सयाममध्ये सागवानाच्या व्यापारात पुढे आलेला ॲनाचा मुलगा लुई याचे चरित्र ते लिहीत होते, आणि ते १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. लुईचा जन्म लंडनमध्ये झाल्याचे त्याची आई सांगे. ती नोंद लंडनमध्ये मिळेना, म्हणून आईची नोंद पाहू गेले. ती वेल्समध्ये मिळेना, म्हणून इंडिया ऑफिसच्या दप्तराकडे वळले. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मे, विवाह व दफने यांच्या नोंदींच्या प्रती धर्मोपदेशकांकडून नियमाने लंडनला धाडल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. एका मुलाच्या जन्मतारखेचा धागा ओढता ओढता संपूर्ण वस्त्रच उसवले गेले.

येथे पुराव्याच्या वजनाचा प्रश्न उपस्थित होतो, आणि या विषयावरील लोकप्रिय लेखनात तो सहसा गाळला जातो. 'वेल्समध्ये नोंद सापडली नाही' या विधानाचे स्वतंत्र मूल्य बेताचेच आहे. इंग्लंड व वेल्समध्ये जन्ममृत्यूंची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्यापूर्वीचा जन्म हुडकावयाचा तर पॅरिशच्या वह्या पाहाव्या लागतात, आणि वेल्समध्ये प्रस्थापित चर्चबाहेरच्या पंथांचे अनुयायी विपुल असल्यामुळे त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे त्या वह्यांत मिळतीलच असे नाही. तेव्हा कार्नार्वनच्या वहीतील अभावावरून ॲना तेथे जन्मली नाही असे ठरत नाही. अहमदनगरच्या वहीतील नोंदीवरून ते ठरते. अभाव संशय निर्माण करतो, निर्णय देत नाही. हा भेद ध्यानी ठेवावा, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

परंतु अहमदनगरची ॲन एडवर्ड्स आणि बँकॉकची ॲना लिओनोवेन्स या एकच व्यक्ती कशावरून? एडवर्ड्स हे आडनाव इंग्रजांत पैशास पासरी. दोन टोके जोडणारा दुवा म्हणजे पुण्याची विवाहनोंद. वराचे मूळ नाव थॉमस लिऑन ओवेन्स. विवाहाच्या कागदावर त्याने मधले नाव व आडनाव जोडून 'लिओनोवेन्स' असे एकच पद केले. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा प्रकार परिचित आहे. उच्चारात दोन पदांमधील सीमा पुसट झाली की लेखनात ती कोठे मानावयाची हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर राहते. येथे ती मर्जी कायम झाली, आणि त्यातून असे आडनाव निर्माण झाले की ते ज्या कागदावर आढळेल तो कागद याच कुटुंबाचा मानावयास फारशी हरकत नाही. उलट बाजूही आहे. सूचीत 'ल' खाली शोधणाऱ्यास 'ओ' खालची माणसे सापडत नाहीत. ग्लासकॉट या नावातील 'स' एकेरी की दुहेरी, डोनोहोचा शेवट कसा, हेही लेखनिकाच्या कानावर अवलंबून. स्वतः नायिका अहमदनगरास ॲन, पश्चिम ऑस्ट्रेलियात हॅरिएट आणि सयामात ॲना. वर्णानुक्रमावर विसंबून कुटुंबाचा इतिहास लिहू पाहणारा संशोधक अर्धे कुटुंब गमावून बसतो.

त्याच विवाहनोंदीत आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते सगळ्या दप्तरातील ती सर्वांत बोलकी होय. सावत्र बापाने या विवाहास कडाडून विरोध केला असे ॲनाचे कथन आहे. नोंदीवर त्याच पॅट्रिक डोनोहोची सही आहे. जन्मस्थळाविषयीचे असत्य सामाजिक अडचणीतून आले असे म्हणता येईल. पण या असत्याची गरज काय होती? बहुधा गोष्टीची गरज होती. अनाथ कन्या, कठोर सावत्र बाप, विरोधास न जुमानता केलेला प्रेमविवाह हा त्या काळच्या इंग्रजी कादंबरीचा ठरीव साचा आहे, आणि लेखिका आपले आयुष्य त्या साच्यात ओतीत होती. पतीच्या मृत्यूचेही तसेच. वाघाच्या शिकारीहून परतताना उष्माघाताने मेजरसाहेब गेले, ही तिची कथा. वास्तविक थॉमस ऑस्ट्रेलियातील कमिसरीएटची नोकरी सुटल्यावर पिनांगला हॉटेलाची व्यवस्था पाहत होता, व तेथेच मे १८५९ मध्ये झटक्याने वारला. मागे दोन मुले राहिली, आणि दोन त्यापूर्वीच गेली होती. त्या दोन मृत अपत्यांच्या नोंदींपुढे वाघाची गोष्ट फिकी वाटते. परंतु ती छापली गेली आणि नोंदी शंभर वर्षे कपाटात राहिल्या.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ॲनाच्या आईचे वडील विल्यम व्हॉड्री ग्लासकॉट हे मुंबईच्या देशी पायदळाच्या चौथ्या पलटणीत अधिकारी होते. ते १८१० मध्ये हिंदुस्थानात आले व १८२१ मध्ये वारले. त्यांच्या पत्नीचे, म्हणजे ॲनाच्या आजीचे, नाव ब्रिटिश दप्तरात आढळलेले नाही. २००८ मध्ये 'बॉम्बे ॲना' हे चरित्र लिहिणाऱ्या सुझन मॉर्गन यांनी या अभावावरूनच असे अनुमान काढले की, ती स्त्री युरोपीय नसावी. ती हिंदी वा मिश्रवंशीय असावी. अनुमान सयुक्तिक आहे. कंपनीच्या अधिकाऱ्यांचे देशी स्त्रियांशी असलेले संबंध चर्चच्या वहीत सहसा उतरत नसत, आणि भायखळ्याच्या शाळेचा दाखलाही त्याच दिशेने बोट दाखवितो. तथापि हे अनुमान आहे. पुस्तकाच्या आरंभी जे 'बहुधा' असते ते पाने उलटता उलटता वाचकाच्या मनात 'निश्चित' होऊन बसते, आणि अखेरीस आजीचा वंश हा ॲनाच्या सर्व वर्तनाचा उलगडा करणारा सिद्धान्त ठरतो. कार्नार्वनच्या वहीतील अभावास आपण जे वजन दिले तेच येथेही दिले पाहिजे. चर्चमध्ये विवाह झालाच नसेल. किंवा झाला असून त्याची प्रत लंडनला पोहोचली नसेल, कारण लंडनचे दप्तर प्रतींचे आहे, मूळ वह्यांचे नव्हे. किंवा ती प्रत अनोळखी वर्णलेखनाखाली दडली असेल. यांतील पहिली शक्यता मला सर्वांत बळकट वाटते. पण बळकट म्हणजे सिद्ध नव्हे.

शिवाय नोंदवही स्त्रीविषयी काय विचारते हेही पाहावयास हवे. १८१२ च्या कायद्याने इंग्लंडात बाप्तिस्म्याचा जो छापील नमुना आला त्यात बापाचे नाव, आडनाव, राहण्याचे ठिकाण व धंदा यांना जागा आहे. आईचे केवळ पाळण्यातले नाव. माहेरच्या आडनावास रकानाच नाही. कंपनीच्या मुलखातील नोंदी साधारणपणे त्याच घाटणीच्या. ज्या वहीत रीतसर लग्नाच्या गोऱ्या बायकोचे माहेरही विचारले जात नव्हते, तिच्यात ग्लासकॉटच्या संसारातील स्त्री सापडत नाही यात नवल कोणते? आपल्याकडील कुलवृत्तांत चाळणाऱ्यास हा अनुभव नवा नाही. विवाहात मुलीचे पाळण्यातले नावही बदलावयाचे, आणि सात पिढ्यांच्या वंशवृक्षावर एका फांदीलाही तिचे मूळ नाव नसावयाचे.

ॲनाची थोरली बहीण एलायझा हिची शाखा येथे तुलनेस घेण्याजोगी आहे. तिचा विवाह १८४५ मध्ये डीसा येथे एका सार्जंट-मेजरशी झाला. तिच्या मुलीचा १८६४ मध्ये सुरतेस प्रॅट नावाच्या मुलकी अधिकाऱ्याशी. आणि त्या दांपत्याचा १८८७ मध्ये जन्मलेला मुलगा म्हणजे भयपटांचा विख्यात नट बोरिस कार्लॉफ. म्हणजे त्याचीही खापरपणजी तीच अनाम स्त्री. ॲनाने या बहिणीशी संबंध तोडून टाकले. दोघींची नोंदवही एक, आजी एक. एकीने जन्मकथा बदलली, दुसरीची शाखा इलाख्यातच वाढली. तेव्हा केवळ वंशाच्या गुपितावरून ॲनाची कृती स्पष्ट होते असे मानणे कठीण जाते. विधवापण, दोन मुलांचा भार आणि सिंगापुरात शाळा चालविण्यासाठी लागणारी प्रतिष्ठा ही कारणे नोंदींतून थेट दिसतात. त्यांना आजीहून कमी लेखण्याचे कारण नाही.

आल्फ्रेड हेबेगर यांचे 'मास्क्ड' हे २०१४ चे चरित्र कागदपत्रांच्या बाबतीत अधिक काटेकोर आहे, आणि निर्णयाच्या बाबतीत अधिक कठोर. मॉर्गन जेथे स्वयंनिर्मितीचे साहस पाहतात तेथे हेबेगर यांना फसवणूक दिसते. माझा कल पुराव्यासाठी हेबेगर यांच्याकडे आहे. पण असत्य जन्मकथेवरून सयामविषयीच्या लेखनाची किंमत ठरविण्याची जी रीत या बाईच्या टीकाकारांत रूढ झाली आहे ती मान्य करवत नाही. मोंकुटच्या राजवाड्याखाली भुयारी अंधारकोठड्या होत्या असे ती लिहिते. बँकॉकची जमीन अशी की थोडे खणले तर पाणी लागते. हे विधान त्या मातीमुळे पडते, कार्नार्वनमुळे नव्हे. उलट, राजाने तिला पाठविलेल्या पत्रात मुलांना इंग्रजी शिकवावे पण ख्रिस्ती धर्म शिकवू नये अशी अट होती, आणि त्या अटीमागचा राजाचा धोरणीपणा तिची जन्मतारीख खोटी ठरल्याने नाहीसा होत नाही. राजवाड्यांनी १८९८ मध्ये बखरींवर जो हल्ला चढविला तो वाचून वाढलेल्या आपल्या पिढ्यांना कागद खरा व कथन खोटे अशी वाटणी सोपी वाटते. बखरीतले प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे तपासावयाचे असते, हा त्या हल्ल्यातला उपयुक्त भाग मात्र आपण पुष्कळदा विसरतो.

एक तर्क येथे नोंदवितो. तो पुरावा म्हणून कोणी घेऊ नये. खोटे जन्मस्थळ निवडावयाचे होते तर लंडन का नव्हे, वेल्स का? छावणीत व भायखळ्यात वाढलेल्या मुलीच्या इंग्रजीस 'चीची' म्हणून हिणविले जाण्याचे भय त्या काळी खरे होते. वेल्सच्या माणसाचे इंग्रजी हेलाचे असते हे सर्व इंग्रजांना ठाऊक. उच्चारात काही निराळे ऐकू आलेच तर त्यास एक सभ्य खुलासा हाताशी राहतो. ॲनाचा आवाज कोणी टिपून ठेवलेला नाही, त्यामुळे हा तर्क तपासण्याची सोय नाही. मॉर्गन यांना जी सूट दिली नाही ती स्वतःस घेणे योग्य नव्हे.

ॲना १९ जानेवारी १९१५ रोजी माँट्रियल येथे वारली. तेथील माउंट रॉयल दफनभूमीतील शिळेवर ती 'मेजर थॉमस लॉर्न लिओनोवेन्स' याची प्रिय पत्नी आहे. 'लिऑन' आडनावात विरून गेल्यावर मधली जागा रिकामी पडली होती. तेथे 'लॉर्न' हे उमरावी वळणाचे स्कॉटिश नाव आले. लॉर्न ही पदवी धारण करणारा एक सरदार १८७८ ते १८८३ या काळात कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता, हे येथे आठवते. पुण्याच्या वहीतील कारकून माँट्रियलच्या दगडावर मेजर झाला आहे. ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चमध्ये मार्च १८२९ मध्ये सार्जंट एडवर्ड्सशी विवाह करणारी मेरी ॲन निदान नावाने उरली. तिच्या आईसाठी मुंबई इलाख्यातील मूळ वह्या, १८२१ च्या सुमाराची मृत्युपत्रे व पलटणीचे पगारपट हे सर्व लंडनच्या प्रतींशी ताडून पाहावे लागेल, आणि हे काम ग्लासकॉट हे नाव चार-पाच तऱ्हांनी लिहून घेऊनच सुरू करावे लागेल.