एका मथळ्याची फजिती

३ नोव्हेंबर १९४८ च्या ‘शिकागो डेली ट्रिब्यून’चा मथळा आज वाचताना हसू आवरत नाही: ‘ड्युईंकडून ट्रुमन पराभूत’! प्रत्यक्षात ट्रुमन ३०३ विरुद्ध १८९ निर्वाचक मतांनी निवडून आले आणि सेंट लुईस स्थानकावर तोच अंक हसत हसत उंचावते झाले. छापखान्यात संप होता, म्हणून अंक लवकर छापावा लागला, असे सांगतात. ते खरेच. पण घाईत लिहिणारा निदान सावधपणे लिहितो. हा मथळा निःशंक आहे. म्हणून दोष घड्याळाचा नव्हे, दृष्टीचा आहे असे मी मानतो. २६ जुलै १९४८ रोजी ट्रुमननी सैन्यातील वर्णभेद मोडण्याचा आदेश काढला होता. त्याच शिकागोतील कृष्णवर्णीयांचे ‘डिफेंडर’ त्यांच्या पाठीशी होते. इलिनॉय राज्य ट्रुमननी जेमतेम ३३ हजारांच्या फरकाने जिंकले. शिकागोच्या काळ्या वस्त्या वगळून हे गणित सुटत नाही. प्रस्थापित पत्रकाराच्या हिशेबात त्या वस्त्या नव्हत्याच. माझ्या विद्यार्थ्यांनी या मथळ्यावर खुशाल हसावे. पण सकाळचे वर्तमानपत्र उघडताना यात कोणाची मोजदाद राहिली, हेही तपासावे.