रेंज कुणाच्या मापाने?

केशोरीत विजेच्या गाड्यांवर बोलणं म्हणजे मिरचीच्या गावात येऊन काळ्या मिरीचं कौतुक करण्यासारखं होईल, अशी आम्हाला जरा धास्ती होती. पण मागच्या बाकावरून सुरुवातीलाच प्रश्न आला, "सर, गाडीला रेंज किती पाहिजे?" तर आधी या प्रश्नाचीच चिकित्सा करू.

रेंज हा गाडीचा गुण आहे, रंग किंवा वजन असावं तसा, असं आपण धरून चालतो. 2024 साली टाटांची कर्व्ह आली. मोठ्या बॅटरीचा प्रमाणित आकडा 585 किलोमीटर. आणि कंपनीच म्हणाली, प्रत्यक्षात 400 ते 425 धरा. गाडी एक, आकडे दोन! पहिला प्रयोगशाळेत रुळांवर चाकं फिरवून काढलेला. दुसऱ्यात एसी, चढ, चालवणाऱ्याचा पाय, सगळं आलं. म्हणजे रेंज हे गाडी, रस्ता आणि माणूस यांच्यातलं नातं आहे.

नागपूरचं बघा. मे 2017 मध्ये ओला आणि महिंद्रा यांनी तिथं 200 विजेच्या वाहनांचा प्रयोग सुरू केला. गाजावाजा मोठा. वर्षाच्या आतच चालक कुरकुरू लागले, काहींना डिझेलची गाडी परत हवीशी झाली. चार्जिंगच्या रांगेत तास जायचे, धंदा बुडायचा. टीकाकार म्हणतात, बॅटरी लहान होती. आम्हाला हे अर्धंच पटतं. बॅटरी दुप्पट केली तर भरायलाही दुप्पट वेळ. रोजच्या धावेला वीज तेवढीच लागणार आणि प्लगही तेवढेच. घरी भरता आली असती, तर गोष्ट निराळी.

इथं ती निराळीच आहे. धानाच्या बांधीपर्यंत नि अर्जुनीच्या बाजारापर्यंतचा रोजचा हिशोब लहान, प्लग अंगणात. पण रात्री बाळंतीण घेऊन गोंदियाला निघायची वेळ आली तर? जाऊन-येऊन शंभराच्या बरंच पुढे. शहरातले तज्ज्ञ रोजच्या किलोमीटरची सरासरी काढून म्हणतात, लहान बॅटरी पुरे. अहो, सरासरीत ती रात्र दिसतच नाही! गरज सरासरीने मोजायची नसते, इथं आमचा त्यांच्याशी सरळ मतभेद आहे. मात्र त्या एका रात्रीसाठी वर्षभर जड, महागडी बॅटरी वाहावी, हेही पटत नाही. राज्याच्या 2025 च्या धोरणात महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय म्हटली आहे. महामार्ग सोडून आत वळलं की काय, हे विचारलं पाहिजे.

"मग सर, दीडशे?" तोच मुलगा पुन्हा विचारतो आहे.

खरी दीडशे, बाबा, कागदावरची नव्हे. आणि गोंदियाच्या दवाखान्यापाशी रात्री चालू असलेला एक प्लग.