बाहुलीचा स्वेटर निघायला हवा

लोकरीचे कपडे घातलेली बाहुली हातात आली की मी आधी तिचा स्वेटर काढून बघते. निघाला, तर गळा कुठून उघडतो, बाही कशी जोडली आहे, आतल्या बाजूला धाग्याची टोकं कुठे दडवली आहेत, हे बघत बसते. निघाला नाही, तर बाहुली परत ठेवते. बाहुलीसाठी केलेल्या विणकामाची माझी परीक्षा इथूनच सुरू होते. मूल बाहुलीशी खेळतं म्हणजे निम्मा वेळ तिला कपडे घालत आणि काढत असतं. तिची आंघोळ, तिची झोप, तिचं आजारपण, तिचं लग्न, सगळं कपडे बदलून घडतं. घालता-काढता येत नाही तो कपडा खेळणाऱ्या मुलाच्या काय कामाचा?

लोकरकामाला आपल्याकडे पुन्हा बहर आला आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. दिवाळीच्या आधी भरणाऱ्या कुठल्याही प्रदर्शनात क्रोशाचे ससे, अस्वलं, बाहुल्या मांडलेल्या दिसतात. तरुण मुली हातात सुई घेऊन बसतात, हे चित्र पंचवीस वर्षांपूर्वी जवळजवळ पुसलं गेलं होतं. पण या बहरात बाहुलीचा कपडा मात्र मागे पडला आहे. बाहुल्या वाढल्या आणि त्यांचे कपडे कमी झाले.

याचं एक कारण अमिगुरुमी. लोकरीची भरीव खेळणी विणण्याची ही जपानी पद्धत गेल्या वीस वर्षांत जगभर पसरली. क्रोशाच्या मुक्या खांबांनी गोल गोल विणत जायचं, आत कापूस भरायचा. पद्धत सोपी, चुका पोटात घेणारी, आणि नवशिक्या हातालाही दोन संध्याकाळींत काहीतरी गोड करून दाखवता येतं. तिथे सदरा हवा असेल तर मानेखाली धाग्याचा रंग बदलतात. चड्डी हवी असेल तर कमरेखाली पुन्हा बदलतात. कपडा हा बाहुलीच्या अंगाचाच भाग होतो. कारागिरी म्हणून यात खोट नाही. त्यातले काही आकार तर फार सुरेख असतात. पण ती मूर्तिकलेच्या जवळची गोष्ट आहे, शिवणाऱ्या-विणणाऱ्याच्या कलेजवळची नाही. अंगावर बसणारा कपडा करताना जे प्रश्न पडतात, ते इथे पडतच नाहीत.

ते प्रश्न कोणते, हे एका हिशेबाने सांगते. मोठ्या माणसाच्या स्वेटरचा घेर ९० सेंटीमीटर धरू. मध्यम जाडीच्या लोकरीचे १० सेंटीमीटरमध्ये साधारण २० टाके बसतात, म्हणजे पूर्ण घेरात १८० टाके. बार्बी २९ सेंटीमीटर उंच, माणसाच्या सुमारे एक षष्ठांश. त्या मापाने तिच्या स्वेटरचा घेर आला १५ सेंटीमीटर. मोठ्या स्वेटरची वीण हुबेहूब उतरवायची तर या १५ सेंटीमीटरमध्येही १८० टाके बसायला हवेत, इंचाला ३०. बाळाचे कपडे ज्या बारीक लोकरीने विणतात ती वापरली तरी तिथे ४५च टाके मावतात. म्हणजे प्रत्येक टाका हवा त्याच्या चौपट रुंद. वेणीची वीण घातली तर बाहुलीच्या छातीवर दोरखंड बांधल्यासारखं दिसतं, बाह्या फुगतात आणि हात अंगापासून लांब उभे राहतात.

यातून दोनच प्रामाणिक वाटा निघतात. एक, धागा बारीक करत जायचं. दुसरी, धागा आहे तोच ठेवून नमुना कमी करत जायचं: वेणीऐवजी एक उलट टाक्यांची उभी ओळ, बॉर्डरीला सहाऐवजी दोन ओळी, कॉलरऐवजी नुसती दुमड. दुसऱ्या वाटेला लोक कमी लेखतात. मला ती अधिक अवघड वाटते, कारण काय गाळायचं आणि तरीही स्वेटर स्वेटरच कसा वाटेल, हे तिथे ठरवावं लागतं.

पहिली वाट कुठवर जाऊ शकते, ते २००९ सालच्या ‘कोरालाइन’ या चित्रपटात दिसलं. हेन्री सेलिक यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट बाहुल्या एकेक चित्राला तसूभर हलवून तयार केलेला आहे. त्यातल्या वीतभर उंचीच्या नायिकेचा चांदण्यांचा स्वेटर आणि हातमोजे अमेरिकेतल्या अल्थिया क्रोम यांनी हाताने विणले. एरवी त्या बाहुलीघराच्या मापाचे, म्हणजे एक द्वादशांश आकाराचे स्वेटर विणतात. वर केलेला हिशेब या मापाला लावला तर इंचाला साठच्या वर टाके लागतात. क्रोम यांनी इंचाला ऐंशीहून अधिक टाके विणले आहेत, तेही तारेइतक्या बारीक सुयांवर, रेशमी धाग्याने. आकड्यापेक्षाही मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की ‘कोरालाइन’मधले मोजे नुसते दिसायला नव्हते. बोटं वाकली की मोज्याची बोटंही वाकायला हवी होती. हजारो वेळा हलवल्या जाणाऱ्या हातावर तो कपडा कपड्यासारखा वागायला हवा होता. बारीकपणा तिथे उपयोगाला जुंपलेला होता.

बार्बीचाच विषय निघाला आहे तर एक जुनी गोष्ट सांगते. १९५९ साली ती बाजारात आली तेव्हा तिचे कपडे शार्लट जॉन्सन यांनी आखले होते. त्यासाठी त्या जपानमध्ये राहिल्या आणि ते कपडे शिवले घरबसल्या काम करणाऱ्या जपानी बायकांनी. त्या पहिल्या कपड्यांत ‘स्वेटर गर्ल’ नावाचा एक जोड होता: नारिंगी स्वेटर, राखाडी स्कर्ट, आणि सोबत एक चिमुकलं वाडगं. त्यात लोकरीचे गुंडे आणि विणायच्या सुया! बाहुलीला स्वेटर दिला आणि तो विणायचं सामानही दिलं. हा तपशील मला फार आवडतो. पुढे घरोघरच्या आयांनी त्याच मापावर आपले नमुने बसवले. बार्बीचा ताठ अंगठा बाहीत अडकतो म्हणून तिच्या हाताला कागदाची सुरळी गुंडाळून मग बाही चढवायची, ही युक्ती ज्याने त्या मापाचं काही विणलं आहे त्या प्रत्येकाला माहीत असते.

आता आपल्या घरात येऊ. महाराष्ट्रात लहान मापाच्या विणकामाची सर्वांत जिवंत शाखा खेळण्यांच्या दुकानात नाही, ती देवघरात आहे. पितळेचा रांगता बाळकृष्ण किती अवघड गिऱ्हाईक आहे, हे त्याच्यासाठी विणून पाहिल्याशिवाय कळत नाही. एक हात जमिनीवर टेकलेला, एक लोण्याचा गोळा घेऊन वर उचललेला, एक गुडघा खाली. धातूचा हात वाकत नाही, खांदा हलत नाही, डोकं अंगाच्या मानाने मोठं. डोक्यावरून काहीही घालायला जा, ते कानाशी अडतं. म्हणून झबलं पाठीवर उघडं ठेवावं लागतं, उचललेल्या हाताच्या बाजूचा खांदा वेगळा बंद करावा लागतो, आणि खालचा घेर असा सोडावा लागतो की गुडघ्यावर तो चढून बसणार नाही. उत्तरेकडच्या लड्डू गोपाळाबरोबर गोल घेराचा क्रोशाचा पोशाखही आता आपल्याकडे रुळला आहे. तो सगळे प्रश्न एकाच घेरात झाकून टाकतो. चांगल्या विणकरणीने केलेलं बाळकृष्णाचं झबलं ते एकेक करून सोडवतं.

आणि मुख्य म्हणजे देवाचा कपडा निघतो. रोज नाही तर सणावारी तरी देवाला स्नान असतं, वस्त्र बदलायचं असतं. थंडी पडली की लोकरीची टोपी चढते, उन्हाळ्यात उतरते. बाहुलीच्या जगात आपण जी कसोटी सोडून दिली, ती पूजेच्या रिवाजाने इथे टिकवून धरली आहे. माझ्या पाहण्यातले सर्वांत नेटके पाठबंद, सर्वांत छोटे धाग्याचे फास आणि मोत्याची बटणं देवाच्या कपड्यांवरच आहेत. दोषही आहेतच. नंबरावर विकल्या जाणाऱ्या मूर्तींची मापं दुकानागणिक बदलतात, म्हणून एकाचा तीन नंबर दुसऱ्याच्या मूर्तीला घट्ट होतो. टिकल्या, गोटा, चमकी यांचा मारा इतका होतो की खालची वीण दिसत नाही. ज्या बाईला सुबक बाही विणता येते तिने ती चमकीखाली का लपवावी?

रुखवताबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण लिहिताना वाईट वाटतं. नवरीच्या हातची कला मांडायची ती जागा. क्रोशाचे रुमाल, तोरणं, लोकरीचे नवरा-नवरी, त्यांची इवली शाल आणि उपरणं. आज शहरात रुखवत तयार मिळतं, भाड्यानेही मिळतं. त्यातल्या बाहुल्यांचे कपडे गरम गोंदाने चिकटवलेले असतात. गोंदाने वेळ वाचतो, पण वीण शिकण्याचं निमित्तही त्याबरोबर जातं.

मोलाचं बोलायलाच हवं. बाहुलीच्या स्वेटरला गिऱ्हाईक आकारावर किंमत लावतं: एवढासा तर आहे! विणणारीला ठाऊक असतं की बारीक सुईवर हात सावकाश चालतो, डोळे लवकर थकतात, आणि शिवणी, काजं, बटणं मोठ्या स्वेटरइतकीच असतात. ही गल्लत जुनी आहे. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशे-लेस विणणाऱ्या बायकांवर मारिया मीस यांनी १९८२ साली पुस्तक लिहिलं. जगाच्या बाजारात जाणारी लेस विणणाऱ्या त्या बायकांना घरात आणि व्यापाऱ्यांच्या लेखी कामगार मानतच नव्हते. त्या फावल्या वेळात काहीतरी विणणाऱ्या गृहिणी ठरत. आपल्याकडची बाहुलीची विणकरीण अजून तिथेच उभी आहे. ती स्वतःही किंमत सांगताना आवाज खाली आणते. तिने तासांचा हिशेब सांगावा, आणि ऐकणाऱ्याने तो ऐकून घ्यावा.

यापेक्षाही मोठी उणीव लिहून ठेवण्याची आहे. एके काळी महिलांच्या मासिकांतून विणीचे नमुने मराठीत छापून येत. ‘दोन सुलट, दोन उलट, शेवटपर्यंत’ अशी स्वच्छ, मोजकी भाषा त्यात होती. बाळाचं टोपडं, कुंची, झबलं, मोजे यांचे नमुने त्या भाषेत आहेत. बाहुलीचे जवळजवळ नाहीत, कारण ते कुणी लिहिण्याजोगे मानलेच नाहीत. उरलेल्या लोकरीत, नजरेच्या मापाने, मुलीच्या हट्टापायी ते विणले गेले. माझ्या आईने सायकलच्या चाकाच्या दोन तारा घासून सुया केल्या होत्या, बाजारातल्या चौदा नंबरच्या सुईइतक्या बारीक. त्यांवर तिने माझ्या बाहुलीला निळा स्वेटर विणला. पाठीवर तीन बटणं आणि बाहीच्या मनगटाशी एक उलट, एक सुलट अशी दोन ओळींची बॉर्डर. नमुना तिच्या बोटांत होता. तो मला परत मिळवायचा होता तेव्हा ती नव्हती. स्वेटर उलटा करून, भिंगाखाली धरून मी टाके मोजले: मागे २२, पुढे २२, बाहीला १६. आता तो कागदावर आहे.

तुमच्या माळ्यावर, आईच्या पेटीत, आजोळच्या कपाटात असा एखादा बोटभर स्वेटर असेल. तो उसवू नका, धुऊन आटवू नका. उलटा करा, टाके मोजा, ओळी मोजा, मराठीत लिहून काढा, आणि ज्या हाताने तो विणला त्या बाईचं नाव कागदाच्या वर लिहा.