बेत आणि बेट

मी नोकरीतून निवृत्त झालो त्या दिवशी मला एक शाल, एक नारळ, भिंतीवरची तीन घड्याळं आणि एक पुस्तक मिळालं. नारळाची चटणी झाली. शाल आईने घेतली. आता वेळ पाहायची गरजच उरली नसताना तीन घड्याळं का दिली, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. राहता राहिलं ते पुस्तक. ते पुण्याच्या भाच्याने दिलं. हा भाचा लोकांची घरं आतून सजवतो. पूर्वी घरं आतून बायका सजवायच्या आणि त्याचे पैसे घेत नसत, पण ते असो.

पुस्तक जाड, गुळगुळीत आणि वजनदार. विषय तीन : झोकदार स्वयंपाकघर, लहान जागेतला संसार आणि कमी पाण्यातली बाग. आमच्या चांदूर रेल्वेसारख्या गावी या तिन्हींची गरज आहे हे मी आधीच कबूल करतो. जागा लहान आहे, पाणी कमी आहे, आणि झोक कधी नव्हताच. तेव्हा पुस्तक मी मन लावून वाचलं. नुसतं वाचलं असतं तर हे परीक्षण दोन ओळींत आटोपलं असतं. पण फंडाचे पैसे नुकतेच हातात आले होते. मी त्या पुस्तकाप्रमाणे घर बांधायला काढलं. परीक्षकाने पुस्तकासाठी इतका खर्च केल्याचं दुसरं उदाहरण मराठी समीक्षेत सापडणार नाही.

प्रथम चित्रांविषयी. चित्रं सुरेख आहेत. दोनशे चाळीस पानांत एकही माणूस नाही. एका पानावर मांजर आहे, तेही जेवून आल्यासारखं. एकाही ओट्यावर पोळपाट नाही, एकाही ओट्याखाली सिलेंडर नाही, आणि कुठेच कुणी काही तळत नाही. सगळीकडे एका काचेच्या वाडग्यात सहा लिंबं ठेवलेली. सहा लिंबांचं लोणचंसुद्धा धड होत नाही हो!

या पुस्तकाचा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे 'आयलंड'. स्वयंपाकघराच्या मधोमध एक ओटा बांधायचा, त्याच्या चारही बाजूंनी फिरता आलं पाहिजे. बेट म्हणा ना! मी ही कल्पना घरात मांडली तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "अहो, आपल्याकडे स्वयंपाकाचा बेत असतो, बेट नसतं." आमचं स्वयंपाकघर नऊ बाय आठचं. मधोमध बेट बांधलं असतं तर भोवतीच्या समुद्रात उभं राहायला ती उरली नसती. बेट रद्द झालं. पण बाकीचं सगळं मी करून घेतलं : भिंतीला टेकलेला लांब ओटा, वरखाली बंद दारांची कपाटं, आणि बैठकीच्या खोलीमधली भिंत पाडून 'ओपन किचन'.

कपाटं यायला महिना लागला. त्याचं कारण असं की अमरावती जिल्ह्यात चांदुरं दोन. एक चांदूर बाजार आणि एक आमचं चांदूर रेल्वे. आमच्या गावाचं आडनावच रेल्वे आहे. माल पाठवणाऱ्याने 'चांदूर' एवढंच वाचलं आणि आमचं स्वयंपाकघर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आठ दिवस कुणाच्या तरी गोदामात राहिलं. पत्त्यावर 'रेल्वे' लिहिलंय असं मी फोनवर ओरडून सांगितलं, तर पलीकडचा म्हणाला, "साहेब, रेल्वेने नाही, आम्ही ट्रकने पाठवतो."

ओपन किचनचं उद्घाटन ठेच्याने झालं. तव्यावर हिरव्या मिरच्या पडल्या आणि बैठकीत बसलेले, मुलीसाठी स्थळ सांगायला आलेले गृहस्थ स्थळ न सांगताच खोकत अंगणात गेले. पुस्तकात म्हटलं आहे की भिंत काढली की 'स्वयंपाक करणारी व्यक्ती संभाषणात सहभागी होते'. झाली की! सगळेच सहभागी झाले, फक्त कुणाला बोलता येईना. चिमणी होती, पण तिने त्या मिरच्यांपुढे हात टेकले. ज्या देशात भाजी उकडून वर मीठ भुरभुरवतात त्या देशातली ही कल्पना वऱ्हाडात आणताना मधे एक भिंत लागते. आमच्या पूर्वजांनी माजघर आणि सैपाकघर यांच्यामध्ये ती बांधली, ती बायकांना कोंडण्यासाठी असं मी तरुणपणी भाषणात सांगत असे. त्यात तथ्य होतंच. पण थोडी मिरचीही होती.

आता उंचीचा मुद्दा. तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुस्तकात ओट्याची उंची छत्तीस इंच दिली आहे. हे अमेरिकेतलं ठरीव माप. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास. सौभाग्यवती तेवढीसुद्धा नाही. छत्तीस इंची ओट्यावर कणीक तिंबायची तर खांदे कानाला लागतात. चार दिवस ती काही बोलली नाही. पाचव्या दिवशी मी पाहिलं तर ती जेवायच्या पाटावर उभी राहून पोळ्या लाटत होती! ज्या पाटावर आमच्या तीन पिढ्या बसून जेवल्या, तो आता उभं राहायच्या कामाला आला. लाखभर रुपयांचं स्वयंपाकघर, आणि त्याला पुरं पडायला सागाची एक जुनी फळी.

आणि आई. आई ब्याऐंशीची. तिने जन्मभर बसून स्वयंपाक केला. चुलीपुढे, मग स्टोव्हपुढे, मग जमिनीवर ठेवलेल्या विळीपुढे. विळी ही बसून चालवायची वस्तू आहे. ओट्यावर विळी ठेवणं म्हणजे बैलगाडी गच्चीवर चढवणं. नव्या स्वयंपाकघरात ती पहिल्या दिवशी आली, सगळ्या बंद दारांकडे पाहून म्हणाली, "काऊन रे, यात मीठ कुठं हाय? अन् लाईन गेली तं अंधारात हात कुठं घालू?" जुन्या घरात मीठ कोनाड्यात असे. डोळे मिटून हात गेला तरी मिठावरच जाई. कोनाड्याला दार नव्हतं हा त्याचा दोष, असं पुस्तक म्हणतं.

मग तिने स्वयंपाकघरात येणं सोडलं. भांडली नाही, रुसली नाही. दारात खुर्ची टाकून बसायची आणि ताट येईल तेव्हा जेवायची. "आई, आज भाजी तू निवडतेस का?" म्हटलं की "करा तुमी, मी हावो बसलेली." घरात मेथी निवडल्याचा, लसूण सोलल्याचा, पाट्यावरचा असा कुठलाच आवाज येईना. मला वाटलं वय झालं. बायकोने मला बाजूला घेऊन सांगितलं, "वय नाही झालं. तुम्ही त्यांची जागा काढून घेतली." त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

निवृत्त माणसाला अपराधी वाटलं की तो वाचनालयात जातो. मी त्या 'झोकदार स्वयंपाकघरा'चं मूळ शोधायला निघालो, आणि ते सापडलं जर्मनीत. १९२६ साली फ्रँकफुर्ट शहरात कामगारांसाठी घरं बांधली जात होती. त्यांच्यासाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या तरुण वास्तुरचनाकार बाईंनी एक चिमुकलं स्वयंपाकघर आखलं. जेमतेम सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब, म्हणजे आमच्याहून काही मोठं नाही. बाईची पावलं वाचावीत, वेळ वाचावा म्हणून त्यांनी सगळी हालचाल मोजून काढली. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली, आणि आज जगभर जे एका साच्याचे ओटे आणि कपाटं दिसतात त्यांची ती पणजी. गंमत अशी की हे आखण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाकच केला नव्हता, असं बाईंनीच पुढे सांगून टाकलं. २००० साली वारल्या, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी. न स्वयंपाक केल्याचा काही फायदा असावा.

पण त्या स्वयंपाकघरात मला एक वस्तू दिसली आणि मी वाचनालयात जवळजवळ ओरडलो. तिथे एक स्टूल होतं! वरखाली होणारं, फिरणारं स्टूल. खिडकीशी कामाचा ओटा आणि त्यापुढे बसायची सोय. भाजी चिरणं, निवडणं बसून करावं हे फ्रँकफुर्टच्या बाईंना १९२६ साली कळलं होतं, आणि आमच्या आईला त्याहीपूर्वीपासून कळत आलेल्या बायकांनी शिकवलं होतं. मधल्या काळात गुळगुळीत कागदावाल्यांनी कपाटं तेवढी ठेवली आणि स्टूल काढून टाकलं. चित्रात बसलेलं माणूस चांगलं दिसत नसेल. माझा या पुस्तकावरचा सगळ्यात मोठा आक्षेप हा आहे.

'वर्क ट्रँगल'वरही एक प्रकरण आहे. चूल, मोरी आणि फ्रिज यांचा त्रिकोण. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९४०च्या दशकात ही कल्पना मांडली गेली. तीन बाजूंची बेरीज बारा ते सव्वीस फूट असावी म्हणतात. आमच्याकडे हा त्रिकोण मी मोजला. तो आक्रसून जवळजवळ टिंब झाला होता, पण त्याला कोपरे मात्र सात निघाले. माठ, देव्हारा, दळणाचा डबा, आणि शेजारच्या काकू बोलतात ती खिडकी. शेवटच्या कोपऱ्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि त्याविषयी इलिनॉयवाले अवाक्षर काढत नाहीत.

लहान जागेच्या प्रकरणावर फार लिहीत नाही. भिंतीत मिटणारा पलंग, उभ्या मांडणीत सामान, एका खोलीचे चार उपयोग. ज्यांनी गाद्यांच्या वळकट्या केल्या, उतरंडीत सात मडकी एकावर एक ठेवली, गिरगावच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत पाहुण्यांसकट परीक्षेचा अभ्यास केला, त्यांना हे नव्याने सांगणं म्हणजे माशाला पोहणं. मात्र मोकळ्या पांढऱ्या खोलीच्या चित्राखाली 'कमीत कमी वस्तू, जास्तीत जास्त शांती' असं लिहून ती खोली सजवायचा जो खर्च दिला आहे, तो वाचून माझी शांती गेली. चांदूरहून गाडीत बसलं की धामणगाव, पुलगाव आणि मग वर्धा. तिथून सेवाग्राम जवळच. तिथली बापूकुटी पाहून या. मीराबेनने उभी केलेली, मातीच्या भिंती, बांबू, वर कौलं. १९७८ साली इव्हान इलिच नावाचा जगप्रसिद्ध विचारवंत त्या कुटीत जाऊन बसला आणि तिच्यावर त्याने अख्खं भाषण केलं. त्याने तिथल्या जागा मोजल्या : चपला काढून मनाची तयारी करायची जागा, सगळ्यांनी बसायची मधली, गांधीजींची, पाहुण्याची, आजाऱ्याची, ओसरी आणि न्हाणी. सात जागा! आजाऱ्याची जागा या पुस्तकातल्या एकाही घरात नाही. त्या घरांत आजारी पडायचीसुद्धा परवानगी नसावी. कुटीत साप पकडायचा चिमटाही जपून ठेवला आहे. घराच्या आतल्या सजावटीत त्याचा विचार करणारा माणूस मला खरा व्यवहारी वाटतो.

राहिली बाग. या बाबतीत मी पुस्तकाला अर्धे गुण देतो, कारण अर्धं ते बरोबर आहे. १९८१ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणीखात्याने 'झेरिस्केप' हा शब्द काढला. कोरड्यातली बाग असा त्याचा अर्थ. हिरवळ कमी करा, स्थानिक झाडं लावा, बुडाशी पालापाचोळा टाका. उत्तम. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. तेव्हा हिरवळ पोसायची म्हणजे चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी ओतणं. ज्याच्या नळाला रोज पाणी येत नाही त्याने हे करू नये, आणि ज्याच्या येतं त्याने शेजाऱ्यासमोर करू नये. पुस्तकातलं पावसाचं गणितही खरं आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचं छत पन्नास चौरस मीटर. वर्षाला नुसता आठशे मिलिमीटर धरला तरी चाळीस हजार लिटर, आणि इतकी वर्षं ते पाणी मी नालीत सोडत होतो. या एका हिशेबासाठी मी पुस्तकाचं अर्धं मोल वसूल धरतो. पन्हळीला पाइप लावून पाणी गाळून विहिरीत सोडलं आहे.

पण उरलेलं अर्धं? त्यांनी अंगणात पांढरी खडी पसरायला सांगितलं. पसरली. चैत्रात त्यावर अनवाणी चालून दाखवावं लेखकाने. सौभाग्यवतीने एकदा त्यावर कुरडया वाळत घातल्या, दुपारपर्यंत खडखडीत. खडीचा तेवढा एकच उपयोग सापडला. वाहनतळासाठी सिमेंटच्या चौकटी बसवायला सांगितल्या, त्याही बसवल्या. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पहिल्याच वर्षी चौकटी वर आल्या, जणू खाली कुणी कूस बदलली.

त्यासाठी मी सांदवाडीतली आईची केळी तोडली होती, हे सांगायचं मी इतका वेळ टाळत होतो. न्हाणीचं पाणी एका चरातून आधी अळूला, मग कर्दळीला, मग केळीला जायचं. रांजणाच्या पाझरावर तुळस जगायची. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. एक थेंब दोनदा कामाला लागल्याशिवाय जमिनीत जात नसे. याला डेन्व्हरमध्ये नाव आहे, खातं आहे; आमच्याकडे नुसती आई होती.

गेल्या दिवाळीनंतर मी दोन कामं केली. मागल्या दारालगतचं एक कपाट सुताराकडून काढून घेतलं. तिथे जमिनीपासून वीतभर उंचीचा बैठा ओटा बांधला, शेजारी बिनदाराचा कोनाडा. आणि मागच्या चौकटी उखडून चर पुन्हा खणला. आईने दोन दिवस तिकडे ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्र वाचत असताना मागून विळीचा आवाज आला. मी पान उलटलं नाही. आवाज थांबेल अशी भीती वाटली.

उन्हाळ्यात भाचा आला. कपाट काढलेलं पाहून त्याचा चेहरा पडला. "मामा, सगळी सिमेट्री गेली!" आजीने त्याला हाताला धरून बैठ्या ओट्याशी बसवलं, पुढे पाटवड्यांची रस्सेदार भाजी आणि भाकर. दोन भाकरींनंतर तो गप्प झाला. चौथ्या भाकरीला त्याने खिशातून मोजपट्टी काढली आणि बैठ्या ओट्याची उंची मोजायला लागला.

"आजी, पावणेनऊ इंच आहे हा. कुणी सांगितलं हे माप?"

"जेव आधी," आई म्हणाली, "रस्सा थंडा होऊन राह्यला."