अष्टपैलूपणाची चिकित्सा : रोहिणी हट्टंगडी यांच्या भूमिका

अभिनेत्रीच्या प्रदीर्घ कारकिर्दीचा परामर्श घेताना मराठी समीक्षा 'अष्टपैलू' हे विशेषण सहजपणे योजते. ते गौरवपर असले, तरी त्यातून विश्लेषण साधत नाही. पैलू किती, यापेक्षा ते कोणत्या अवकाशात पाडले गेले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. रंगभूमी, चित्रपट व दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत आणि अनेक भाषांत वावरलेल्या रोहिणी हट्टंगडी यांच्या संदर्भात तो येथे उपस्थित केला आहे.

राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझी यांच्या काळात घडलेल्या या अभिनेत्रीने जयदेव हट्टंगडी दिग्दर्शित 'चांगुणा'त नायिका साकारली. लोर्काच्या 'येर्मा'चे हे मराठी रूपांतर. अपत्यहीनतेने पछाडलेली ही स्त्री रंगभूमीवर शोकात्म नाट्याच्या केंद्रस्थानी होती. चित्रपटाने मात्र त्यांना प्रामुख्याने पत्नी व माता या नात्यांत, म्हणजे बहुधा कथेच्या कडेला उभे केले.

१९८२च्या दोन भूमिका या दृष्टीने लक्षणीय आहेत. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या 'गांधी'तील कस्तुरबांसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. दक्षिण आफ्रिकेतील आश्रमात संडास साफ करण्यास नकार देणारी कस्तुरबा चरित्रनायकाच्या महानतेला घरातूनच प्रश्न विचारते. महेश भट्ट यांच्या 'अर्थ'मधील मोलकरीण लेकीच्या शिक्षणासाठी पैसे साठवते आणि ते पळवणाऱ्या नवऱ्याचा खून करते. दोन्ही भूमिका दुय्यम; परंतु मुख्य कथेची नैतिक बाजू तपासून पाहण्याचे कार्य त्याच करतात.

१९८४च्या 'सारांश'मधील पार्वती हे याच प्रक्रियेचे पुढचे रूप होय. तिशीच्या आसपासची अभिनेत्री येथे पुत्रशोकाने खचलेली वृद्धा होते. मृत मुलगा भाडेकरू तरुणीच्या पोटी पुन्हा जन्म घेईल, ही तिची श्रद्धा पतीच्या विवेकवादाला छेद देते. अभिनयात या श्रद्धेचा उपहास नाही, की तिचे उदात्तीकरण नाही. म्हणूनच पतीचा अखेरचा निर्णय प्रेक्षकालाही क्लेशदायक वाटतो. त्याच वर्षी गोविंद निहलानी यांनी महेश एलकुंचवार यांच्या 'पार्टी' या मराठी नाटकावर हिंदी चित्रपट केला. त्यातील प्रथितयश लेखकाची व्यसनाधीन पत्नी मोहिनी हिच्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. साहित्यिक प्रतिष्ठेची किंमत घरातील कोण मोजते, हे मोहिनीच्या रूपाने दृश्यमान झाले.

येथे कौतुकाआड दडणारी एक विषमता नोंदवणे आवश्यक आहे. 'अग्निपथ'मध्ये (१९९०) त्या अमिताभ बच्चन यांची आई झाल्या. वास्तवात त्या वयाने त्यांच्याहून लहान. नायकाचे तारुण्य लांबवणारी व्यवस्था अभिनेत्रीचे वार्धक्य अलीकडे ओढते. या सक्तीला 'वैविध्य' म्हणून गौरवणे ही समीक्षेची सोयीस्कर पळवाट होय.

दूरचित्रवाणीने हे समीकरण काही अंशी बदलले. ई-टीव्ही मराठीवरील 'चार दिवस सासूचे' (२००१–२०१३) या मालिकेतील आशालता देशमुख कथेच्या कडेला नाही, केंद्रस्थानी आहे. शीर्षकाने म्हणीचा उत्तरार्ध गाळला आणि सासूचे 'चार दिवस' दशकाहून अधिक लांबले! 'सारांश'मध्ये रंगभूषेने निर्माण केलेले वय येथे प्रत्यक्ष काळाने दिले. पात्र, अभिनेत्री व प्रेक्षक एकत्रच वयस्क झाले. मात्र हे केंद्रस्थान कुटुंबसत्तेच्या चौकटीतच मिळाले. चित्रपटातील पार्वतीला शोक होता, अधिकार नव्हता. मालिकेतील आशालतेला अधिकार मिळाला, पण घराबाहेरचे जग फारसे मिळाले नाही.

म्हणून या कारकिर्दीचे मोल भूमिकांच्या संख्येत वा भाषांच्या यादीत शोधणे अपुरे ठरते. पत्नी, माता, सासू ही तिन्ही नाती संहितेने आधीच ठरवून दिली होती. त्या नात्यांतून नायकाच्या महानतेला, विवेकाला आणि प्रतिष्ठेला प्रश्न विचारता येतात, हे या अभिनयाने दाखवले. त्याची नोंद घेताना ही नातीच का वाट्याला आली, हा प्रश्नही समीक्षेने सोडता कामा नये.