अडथळा नेमका कुठे असतो? चार कादंबऱ्या आणि संशोधनाची तयारी

पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची नाहीतर नेट-सेटची तयारी करणारी मुलं भेटली की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, रिसर्च मेथडॉलॉजीसाठी कुठलं पुस्तक वाचू?" पुस्तकांची नावं मी सांगतेच. पण खरं सांगायचं तर संशोधनाचं पहिलं चित्र माझ्या डोक्यात तयार झालं ते कादंबऱ्यांमुळे. आणि ते चित्र बऱ्यापैकी चुकीचं होतं.

शाळा-कॉलेजात मी अद्भुत कादंबऱ्यांचा फडशा पाडायचे. त्यातल्या बहुतेकांत गोष्ट एकच. कुणीतरी जन्मतःच निवडलेला असतो, एक जुनी भविष्यवाणी असते, बाहेर एक दुष्ट शक्ती असते आणि शेवटी एका क्षणात नायकाला सगळं उमगतं. मजा यायची, आजही येते. पण हेच चित्र घेऊन मी लॅबमध्ये आले आणि त्या 'एका क्षणाची' वाट बघत बसले. दीड वर्ष. तो काही आला नाही. मग वाटायला लागलं, आपण निवडलेल्यांपैकी नाही बहुतेक.

पुढे वाचलेल्या चार कादंबऱ्यांनी ते चित्र दुरुस्त केलं. त्यांच्याबद्दल लिहिते. कथानकातल्या बऱ्याच गोष्टी, शेवटसुद्धा, उघड होणार आहेत; चालत नसेल तर आधी पुस्तकं वाचून या.

१. अ विझर्ड ऑफ अर्थसी (१९६८)

उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची ही छोटेखानी कादंबरी. नायक गेड, गोंट नावाच्या बेटावरचा शेळ्या राखणारा मुलगा. अंगात जादूची उपजत ताकद. म्हणजे सुरुवात तीच, 'निवडलेला मुलगा'. पण ले ग्विन लगेच वाट बदलते. गेडचा पहिला गुरू ओगियन त्याला काहीच शिकवत नाही. नुसता रानावनात हिंडवतो, झाडपाला ओळखायला लावतो. गेड वैतागतो, की शिकवणी सुरू कधी होणार? ती सुरू झालेली आहे, हे त्याला कळतच नाही. कोर्सवर्कच्या काळात "खरं काम कधी सुरू होणार?" असं मी ज्या सुरात विचारायचे, तो सूर अगदी हाच.

या जगात जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव ठाऊक असणं. त्यासाठी विद्यार्थी एका एकाकी मनोऱ्यात बसून नावांच्या लांबच लांब याद्या पाठ करतात, आणि मध्यरात्री यादीची शाई उडून जाते. एवढं कंटाळवाणं काम दुसऱ्या कुठल्या अद्भुत कादंबरीत मी पाहिलेलं नाही. पुढे गेडची गाठ एका ड्रॅगनशी पडते आणि तो जिंकतो तो तलवारीच्या जोरावर नाही. जुने इतिहास वाचताना त्याने ड्रॅगनच्या नावाबद्दल एक अंदाज बांधलेला असतो, तो बरोबर निघतो. लिटरेचर रिव्ह्यू का करायचा याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

पण कादंबरीचा गाभा वेगळाच आहे. एका सहाध्यायीसमोर फुशारकी मारण्याच्या नादात गेड मृतांच्या जगातून एक काळी सावली बाहेर काढतो. ती त्याच्या मागे लागते, तो पळत राहतो. शेवटी ओगियनच्या सांगण्यावरून तो उलटा फिरतो आणि सावलीचाच पाठलाग करतो. तिचं नाव काय, हा कोड्याचा प्रश्न. उत्तर असं की ती आणि तो एकमेकांना एकाच वेळी, एकाच नावाने हाक मारतात: गेड. अडथळा तो स्वतःच होता.

दोषही आहे. जादूच्या शाळेत एकही मुलगी नाही, आणि गावठी जादूगारणींबद्दल पुस्तक तुच्छतेने बोलतं. १९९० साली 'तेहानू' लिहून ले ग्विनने या जगाकडे बाईच्या नजरेतून पुन्हा पाहिलं. आपल्याच जुन्या कामातली उणीव बावीस वर्षांनी जाहीरपणे दुरुस्त करणं हे मला तरी फार मोठं वाटतं.

२. पिरानेसी (२०२०)

सुझॅना क्लार्कच्या या कादंबरीला २०२१ चं विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन मिळालं. नायक एका अफाट घरात राहतो. दालनामागून दालनं, भिंतींशी हजारो पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र, वरच्या मजल्यावर ढग. त्याच्यालेखी जगात जिवंत माणसं दोनच, तो आणि 'दुसरा' नावाचा एक गृहस्थ, जो आठवड्यातून दोनदा भेटतो.

हा नायक मला भेटलेला सगळ्यात चांगला संशोधक आहे. तो भरती-ओहोटीचं कोष्टक ठेवतो आणि पूर कधी येणार हे आधी सांगू शकतो. प्रत्येक पुतळ्याची नोंद करतो. डायऱ्या लिहितो, त्यांना क्रमांक देतो, त्यांची सूची करतो. आणि एक दिवस त्याच्या लक्षात येतं की सुरुवातीच्या डायऱ्यांवरचे क्रमांक बदललेले आहेत. आत त्याच्याच अक्षरात अशा माणसांबद्दल आणि गावांबद्दल लिहिलंय जी त्याच्या मते अस्तित्वातच नाहीत.

तो पहिल्यांदा काय करतो? हे वेडाच्या भरात लिहिलं असणार म्हणतो आणि डायरी मिटतो. इथे मी पुस्तक खाली ठेवलं, कारण हे मी केलेलं होतं.

मी झिंक ऑक्साइडच्या पातळ थरांवर काम करते. काही वायू आसपास आले की या थराचा विद्युत रोध बदलतो. तो बदल मोजायचा, म्हणजे वायूचा सेन्सर. तिसऱ्या वर्षी माझे सुरुवातीचे छान छान आकडे पुन्हा मिळेनात. सॅम्पल खराब, भट्टी खराब, मीटर खराब, सगळ्यांवर खापर फोडून झालं. मग जुनी लॅब नोटबुक उघडली. जुलैच्या एका पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: बाहेर धो धो पाऊस, आर्द्रता नोंदवायला हवी. नोंदवली मात्र कधीच नव्हती. हवेतली वाफसुद्धा अशा थराचा रोध बदलते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण आकडे चांगले येत होते, मग कशाला बघा!

पिरानेसी त्या डायऱ्यांकडे परत जातो. हळूहळू, घाबरत, पण जातो. आपल्या समजुतीविरुद्ध आपलीच नोंद उभी राहिली तर नोंदीची बाजू घ्यायची, हे त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. पुस्तकात उणं काय? खलनायक फारच ठोकळेबाज आहे, आणि वाचकाला जे पन्नास पानं आधी कळतं ते नायकाला कळेपर्यंत थोडं ताटकळायला होतं.

३. द ब्लॅक क्लाउड (१९५७)

ही अद्भुत नव्हे, विज्ञान कादंबरी. लेखक फ्रेड हॉइल, म्हणजे केंब्रिजमध्ये जयंत नारळीकरांचे गाइड. नारळीकरांनीही पुढे मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. पहिली कथा त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. गाइडने कादंबऱ्या लिहिल्या आणि विद्यार्थ्यानेही. तेव्हा "कादंबऱ्या वाचण्यात वेळ घालवू नका" म्हणणाऱ्यांना एवढं उदाहरण पुरे!

एक काळा ढग सूर्याकडे येतोय. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ तो आकाशाच्या छायाचित्रांत पाहतात. तिकडे इंग्लंडमध्ये ग्रहांच्या जागा किंचित सरकलेल्या आढळतात आणि त्यावरून किंग्जली हा शास्त्रज्ञ त्याच निष्कर्षाला पोचतो. दोन स्वतंत्र वाटा, उत्तर एक. पुरावा पक्का कसा होतो हे शिकवायला मी हीच प्रकरणं वापरेन.

पात्रं मात्र लाकडी आहेत. बायका चहापाण्यापुरत्या. आणि राजकारणी तेवढे मूर्ख, शास्त्रज्ञ तेवढे शहाणे, हा सूर आज वाचताना खटकतो. पण शेवट वाचा. ढग बुद्धिमान निघतो आणि आपलं ज्ञान माणसाला द्यायला तयार होतो. ते घेताना किंग्जली मरतो, कारण नव्या ज्ञानाची त्याच्या डोक्यात पक्क्या बसलेल्या जुन्या ज्ञानाशी टक्कर होते. मग असा विचार पुढे येतो की त्याच्याऐवजी तिथला साधा माळी बसला असता तर कदाचित वाचला असता. सगळं पुस्तक शास्त्रज्ञांची पाठ थोपटतं आणि शेवटच्या पानांत त्यांच्या हुशारीलाच दोषी ठरवतं. हॉइल स्वतः स्थिर स्थिती सिद्धांताच्या जनकांपैकी एक; विरोधातले पुरावे वाढत गेले तरी तो त्या बाजूचाच राहिला. हे आठवलं की तो शेवट आणखी टोचतो.

४. द डिस्पझेस्ड (१९७४)

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळा दोष आपलाच. गेडची सावली गेडच, पिरानेसीची चूक पिरानेसीचीच, किंग्जलीचा शत्रू त्याचा मेंदू. मीसुद्धा काही काळ असंच समजत होते. पीएचडी करणाऱ्या मुलांना ही सवय फार लवकर लागते: पेपर अडला, माझंच चुकलं, गाइड बोलत नाहीत, माझंच चुकलं. हे घातक आहे. त्यावर उतारा ले ग्विननेच दिला, अर्थसीनंतर सहा वर्षांनी.

शेवेक हा भौतिकशास्त्रज्ञ. त्याच्या ग्रहावर सरकार नाही, खासगी मालमत्ता नाही. तत्त्वतः कुणी कुणाचा साहेब नाही. पण संस्थेत साबुल आहे. काय छापायचं, कुठलं पुस्तक कुणाला द्यायचं, हे साबुलच्या हातात. शेवेकच्या पुस्तकावर तो सहलेखक म्हणून स्वतःचं नाव घालतो, आणि त्याची स्वतःची कीर्तीही बऱ्याच अंशी शेजारच्या ग्रहावरून न सांगता उचललेल्या कामावर उभी आहे. मालमत्ता नसलेल्या समाजातसुद्धा ज्ञानाची मालकी तयार होते, हे ले ग्विन आपल्याच आवडत्या आदर्श समाजाबद्दल लिहिते. पेपरवर कुणाचं नाव कितवं, यावरून झालेली कुजबुज कॉरिडॉरमध्ये ज्याने ऐकली आहे त्याला साबुलची ओळख करून द्यावी लागत नाही.

म्हणजे अडथळा बाहेरही असतो, त्याला चेहरा असतो, पद असतं. पण कादंबरी तिथे थांबत नाही. शेवेक साबुलपासून दूर, श्रीमंत ग्रहावर जातो, हवं ते सगळं मिळतं, तरी सिद्धांत अडलेलाच. मग एका पृथ्वीवासी शास्त्रज्ञाचं काम वाचताना (नाव वाचून हसू येतं: ऐनसेटेन) त्याला दिसतं, की जे सिद्ध करून दाखवण्याचा हट्ट आपण वर्षानुवर्षं धरला ते गृहीत धरून पुढे जाता येतं. साबुल खरा होता आणि हा हट्टही खरा होता. दोन्ही वेगवेगळे ओळखावे लागले. पुढे तो आपला सिद्धांत कुणा एकाला न विकता सगळ्या जगांना खुला करतो, तेही या ओळखीमुळेच पटतं.

प्रकरणं आलटून पालटून दोन ग्रहांवर, दोन काळांत घडतात. शेवेकचा सिद्धांतही क्रमाने घडणाऱ्या आणि एकाच वेळी असणाऱ्या काळाचा मेळ घालणारा आहे. पहिल्यांदा वाचताना गोंधळ उडतो, पन्नासेक पानं धीर धरा. संवाद लांब आहेत. आणि एका मेजवानीत दारूच्या नशेत शेवेक वेआ नावाच्या बाईवर जबरदस्ती करू पाहतो. त्यावर पुस्तक फार घाईने पुढे सरकतं. मला ते अजून खुपतं.

तर, यातून घ्यायचं काय? कुठलीही कादंबरी वाचताना दोन प्रश्न मनात ठेवा. हे या पात्राला कळलं कसं? आणि अडलं तेव्हा ते स्वतःमुळे अडलं की दुसऱ्या कुणामुळे? लॅबमध्ये पहिल्या प्रश्नाला मेथडॉलॉजी म्हणतात. दुसरा कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही, पण तो वेळेवर विचारता आला नाही म्हणून पीएचडी सोडणारी मुलं मी पाहिली आहेत. काही जण सगळा दोष स्वतःला देत राहिले, काही सगळा गाइडला.

माझं म्हणाल तर दोष आर्द्रतेचाही नव्हता आणि माझ्या बुद्धीचाही नव्हता. एक रकाना भरायचा राहिला होता. आता प्रत्येक पानावर तारखेखाली आर्द्रता लिहिते, आकडे कितीही चांगले आले तरी.

सुरुवात अर्थसीपासून करा, दोन-तीन रात्रींत होईल. मात्र त्यानंतर डिस्पझेस्ड वाचल्याशिवाय थांबू नका. एकट्या अर्थसीवर विसंबलात तर सगळ्या सावल्या स्वतःच्याच वाटायला लागतील.