आज्ञेचा अर्थ आणि आज्ञेचा अधिकार : प्रकाशनियंत्रणाच्या परिभाषेविषयी

आधुनिक इमारतींतील यंत्रणांविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात ‘एकात्मीकरण’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. दिव्यांचे नियंत्रण इमारतीच्या व्यवस्थापन-प्रणालीशी जोडले, म्हणजे दोन्ही यंत्रणा ‘एकच भाषा बोलू लागल्या’, असे सांगण्यात येते. अभियंत्याला हे रूपक सोयीचे असेल. भाषेच्या अभ्यासकाने मात्र ते तपासून पाहावयास हवे. माझ्या मते येथे दोन भाषा एक होत नाहीत. त्यांच्यामध्ये एक दुभाषी उभा राहतो, आणि त्याच्या हातून काय गळून पडते हा प्रश्न या रूपकामुळे झाकला जातो.

दिव्यांची भाषा पुष्कळदा ‘डाली’ असते. तारांच्या एका जोडीवर ६४ पत्ते, १६ गट आणि १६ दृश्ये एवढाच तिचा संसार. व्यवस्थापनाची एक प्रमुख भाषा ‘बॅकनेट’ होय; ‘ॲशरे’ या अमेरिकन अभियंता-संस्थेने १९९५ मध्ये तिचे मानक प्रसिद्ध केले व २००३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. या दोहोंमधील दुभाष्याला ‘गेटवे’ म्हणतात.

प्रथम अर्थाचा प्रश्न घेऊ. प्रणाली ‘प्रकाश पन्नास टक्के’ अशी आज्ञा देते. डालीत प्रकाशाची पातळी १ ते २५४ या अंकांनी सांगतात. म्हणून गेटवेने सरळ त्रैराशिक मांडून १२७ हा अंक पाठविला, तर दिवा अर्ध्यावर येईल असे वाटते. वस्तुतः डालीचा मूळ वक्र डोळ्याच्या संवेदनेस अनुसरून लघुगणकीय ठेवला आहे. त्यानुसार १२७ म्हणजे जेमतेम तीन टक्के प्रकाश. पन्नास टक्क्यांसाठी २२९ हा अंक पाठवावा लागतो. दिव्याच्या उपकरणात रेषीय वक्र निवडला असेल, तर मात्र तोच १२७ खरोखर अर्धा ठरतो. अंक तोच, संकेत भिन्न, म्हणून अर्थ भिन्न. चिन्हाचा अर्थ चिन्हात नसून संकेतात असतो, या आपल्या शास्त्रातील प्राथमिक सिद्धान्ताचे याहून उघड उदाहरण क्वचितच मिळेल. आपल्या घरांत ‘कंदिलाची वात बारीक कर’ असे म्हणत. किती बारीक, हे ऐकणाऱ्याला प्रसंगावरून कळे. यंत्राला प्रसंग कळत नाही. संकेत आधी लिहूनच ठेवावा लागतो.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे; तो अधिकाराचा. बॅकनेटमध्ये आज्ञेबरोबर तिचा दर्जाही नोंदला जातो. असे १६ दर्जे असून पहिला जीवितरक्षणाचा, आठवा प्रत्यक्ष माणसाने दिलेल्या आज्ञेचा. वरच्या दर्जाची आज्ञा मागे घेतली जात नाही, तोवर खालची थांबून राहते. डालीत अशी स्मृती नाही. दिवा शेवटी आलेली आज्ञा पाळतो. तेथेही प्राधान्य आहे, परंतु ते तारेवर आधी कोणी बोलावे एवढ्यापुरतेच.

जालना जिल्ह्यातील राजूरचे उदाहरण कल्पून पाहू. टेकडीवरील राजुरेश्वराच्या दर्शनास अंगारकीला मोठी गर्दी लोटते. तेथे उद्या अशी यंत्रणा बसली असे समजा. एरवी रात्री ठरावीक वेळी पायऱ्यांवरचे दिवे मंद होतात. अंगारकीला व्यवस्थापक स्वतः ‘पूर्ण प्रकाश’ अशी आठव्या दर्जाची आज्ञा देतो. वेळापत्रक तिला हटवू शकत नाही. पण सेवेकऱ्याने सवयीने भिंतीवरची कळ दाबली आणि ती थेट डालीच्या तारेवर असली, तर दिवे मालवतात. गेटवेने दिव्यांची स्थिती परत विचारली नाही, तर पडद्यावर ते चालूच दिसतात. पायऱ्यांवर मात्र म्हाताऱ्या माणसांचे पाय अंधारात चाचपडत असतात. आज्ञा पोचली, आज्ञा कोणाची, हे पोचले नाही.

हा मांडणीचा दोष आहे, भाषेचा नव्हे, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. कुशल अभियंता कळीची आज्ञाही प्रणालीमार्फत फिरवील, स्थितीची फेरतपासणी ठेवील. परंतु जे काम करून घ्यावयाचे ते कागदावर प्रथम शब्दांत मागावे लागते. २००७ मध्ये आलेल्या व २०१७ मध्ये सुधारलेल्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने दिवे आपोआप बंद होण्याची तरतूद मागितल्यापासून असे मागणीपत्रक लिहिण्याचे प्रसंग वाढले आहेत. त्यात नुसते ‘एकात्मीकरण करावे’ असे लिहिले, तर तारा जोडल्या की शब्द पुरा झाला. ‘अर्धा’ म्हणजे किती आणि कोणाची आज्ञा कोणावर चालेल, हे कोणी विचारीत नाही.

महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून परिभाषेचे मोठे काम झाले. त्यात प्रतिशब्दाच्या शुद्धतेची चर्चा पुष्कळ झाली. तो शब्द कोणते प्रश्न विचारावयास लावतो, याची मात्र फार थोडी. मला ‘एकात्मीकरण’ऐवजी ‘दुभाषी जोडणी’ हा शब्दप्रयोग अधिक प्रामाणिक वाटतो. तो ऐकताच दुभाषी विश्वासू आहे काय, हा प्रश्न मनात उभा राहतो. आणि पायऱ्यांवरील दिव्यांच्या बाबतीत तोच प्रश्न पहिला विचारावयाचा असतो.